मोजून ठेवलेली कॉफी

वसईच्या किनाऱ्यालगत, राजोडी-अर्नाळ्याच्या बाजूला, वाडीतले घर सुट्टीच्या दिवसांत पाहुण्यांना भाड्याने देणे आता नवलाचे राहिलेले नाही. आम्हीही देतो. स्वयंपाकघरात गॅस, चार भांडी, साखरेचा डबा आणि कॉफी ठेवतो. या कॉफीवरूनच आमच्यापुढे एक प्रश्न उभा राहिला: ती किती ठेवावी?

प्रश्न क्षुल्लक वाटेल. पूर्वी आम्ही बरणी भरून ठेवीत असू. एकदा पाहुण्यांनी बरणीच सोबत नेली, तेव्हापासून माणशी दोन पुड्या मोजून ठेवू लागलो. त्यात अन्याय काहीच नव्हता. भाडे ठरलेले, माणसे ठरलेली, पुड्याही ठरलेल्या.

मग एका पावसाळी पहाटे पाहुण्यांचा ड्रायव्हर आमच्या दाराशी आला. रात्र त्याने गाडीतच काढली होती. त्याने थोडे गरम पाणी मागितले. "आत कॉफी ठेवली आहे, ती का नाही घेतलीत?" आम्ही विचारले.

"आत आठच पुड्या आहेत, साहेब. माणसं चार."

त्या चौघांत त्याने स्वतःला धरले नव्हते. आम्हीही धरले नव्हते.

ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी या शब्दाची परंपरागत फोड केली जाते. भाडे भरून येणाऱ्याची तिथी ठरलेली असते. निघण्याची वेळसुद्धा ठरलेली असते. मग पैसे घेऊन केलेल्या पाहुणचाराला पाहुणचार म्हणावे काय? कॉफीची किंमत भाड्यात धरलेली असताना तिला दान म्हणणे तर अप्रामाणिकपणाच ठरेल.

परंतु प्रभू येशूने सांगितलेल्या दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात उतारशाळेचा मालकही आहे, आणि तो पैसे घेतो. शोमरोनी त्याच्या हाती दोन दीनार ठेवतो आणि अधिक खर्च झाल्यास परतताना फेडीन, असे सांगतो. मोबदला घेण्याला तेथे दोष दिलेला नाही. मात्र त्या जखमी माणसाची सेवा दोन दीनारांपाशी थांबू नये, एवढी अपेक्षा त्या शब्दांत आहे. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्ट आपल्या नियमावलीच्या ५३ व्या अध्यायात प्रत्येक पाहुण्याचे ख्रिस्त मानून स्वागत करावयास सांगतात. गरीब आणि यात्रेकरू यांच्याबाबत तर विशेष काळजी घ्यावयास सांगतात. श्रीमंतांचा मान राखायला त्यांचा दराराच पुरेसा असतो, हे ते ओळखून होते.

व्यवहाराला हिशेब हवाच. पण हिशेबात ज्याचे नाव नाही, तोच आमच्या दारी आलेला खरा अतिथी होता.

बरणी आम्ही पुन्हा भरून ठेवली आहे. ती पुन्हा कोणी नेईलही. घर देताना आता ड्रायव्हर सोबत आहे का, हे विचारतो आणि ओटीवर त्याच्यासाठी बिछाना घालतो. त्या पहाटे त्याला आम्ही कॉफी करून दिली खरी. पण त्याने मागितले होते ते केवळ गरम पाणी, हे मात्र विसरता येत नाही.