ताईच्या ऑपरेशननंतरचं औषध

चि. सुहास,


ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, बरं झालं. रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून इंजेक्शन चांगलं, नवी गोळी चांगली की साधी ॲस्पिरिन, असं तू विचारलंस. तुलना जरूर कर, पण ताईची प्रकृती समोर ठेवून कर.

गुडघा बदलल्यावर पायाच्या शिरेत गुठळी होऊ शकते. ती सुटून फुप्फुसात अडकली, तर जिवावर बेततं. पण जे औषध गुठळी रोखतं, तेच रक्तस्रावाचा धोकाही वाढवतं. दोन्हीचा मेळ घालूनच निवड होते.

एनॉक्सापॅरिन पोटाच्या कातडीखाली टोचतात. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून मूत्रपिंड फारच कमजोर असेल तर मात्रा कमी करावी लागते. नव्या गोळ्यांत रिव्हारोक्साबान दिवसातून एकदा 10 मिलिग्रॅम, अपिक्साबान दोनदा 2.5 मिलिग्रॅम, टोचणं नाही की वॉरफरिन या जुन्या गोळीसारखी सतत रक्ततपासणी नाही. ॲस्पिरिन सगळ्यांत स्वस्त. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या अभ्यासात आधी 5 दिवस रिव्हारोक्साबान आणि मग ॲस्पिरिन, हा क्रम रिव्हारोक्साबानच चालू ठेवण्याच्या तोडीचा ठरला. 2022 च्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात मात्र नुसत्या ॲस्पिरिनवर 90 दिवसांत 3.45 टक्के रुग्णांना लक्षणं देणारी गुठळी झाली, एनॉक्सापॅरिनवर 1.82 टक्के. म्हणून स्वस्त-महाग पाहून ठरवू नकोस.

पूर्वी गुठळी किंवा अल्सर झाला होता का, मूत्रपिंडाच्या तपासणीत क्रिएटिनिन किती, हे डॉक्टरांना आधीच सांग. देव्हाऱ्याखालच्या खणात ताई डायक्लोफेनॅक या वेदनाशामक गोळ्यांची पाकिटं ठेवते, मेडिकलमधून परस्पर आणलेली. तीही नेऊन दाखव. रक्त पातळ करणाऱ्या औषधाबरोबर ती मनाने घेतली, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो.

गुडघ्यानंतर हे औषध बहुधा 2 आठवडे चालतं. चालता यायला लागलं की ‘आता कशाला गोळी’ म्हणून ताई ती सोडेल. तसं होऊ देऊ नकोस. पोटरी सुजून दुखली, अचानक धाप लागली, छातीत दुखलं किंवा शौचाला काळी झाली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठ.

औषध डॉक्टर ठरवतील. त्यांना खरी, पूर्ण माहिती देणं आणि ठरलेला प्रत्येक डोस ताईला वेळेवर मिळेल हे पाहणं तुझ्याकडे.

तुझा,
मामा