आजचे श्रम, उद्यांचें वेतन

कोणत्याहि कचेरींत नव्यानें लागलेल्या कारकुनाच्या टेबलावर सर्वांत अधिक कागद असतात आणि पगारपत्रकांत त्याचें नांव सर्वांच्या खालीं असतें. त्यानें कुरकूर केली तर वडीलधारी मंडळी त्यास सांगतात, "आज कष्ट कर, उद्यां तुझीहि पाळी येईल." हें आश्वासन आपण सर्वांनीं तरुणपणीं ऐकिलें आहे, आणि पुढें वय वाढल्यावर दुसऱ्यास ऐकविलेंहि आहे. परंतु तें न्याय्य आहे किंवा नाहीं, ह्याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. वेतन हें केलेल्या कामाचें द्यावयाचें, कीं काढलेल्या वर्षांचें? आजच्या कामाचा मोबदला पुढें केव्हां तरी देऊं, असें म्हणण्याचा अधिकार कोणास व कोणत्या अटींवर पोंचतो? ह्या प्रश्नाचा विचार आम्ही येथें एका दूरच्या उदाहरणावरून करणार आहों. तें उदाहरण म्हणजे अमेरिकेंतील धंदेवाईक बेसबॉल.

इतक्या दूर जाण्याचें कारण असें कीं, कचेरींतील कामाचें माप काढणें अवघड असतें. कारकून म्हणतो, राबतों मी. हेडक्लार्क म्हणतो, अनुभव माझा. आणि दोघांच्याहि म्हणण्यांत थोडें थोडें तथ्य असल्यामुळें वाद अनिर्णित राहतो. बेसबॉलमध्यें ही अडचण जवळजवळ नाहीं. आपल्या क्रिकेटप्रमाणें तोहि चेंडूफळीचाच खेळ. आणि तेथें प्रत्येक खेळाडूचा टोला, धांव व चूक वहींत मांडून ठेवण्याची चाल शंभरांहून अधिक वर्षें चालत आली आहे. कोणी किती काम केलें हें लपत नाहीं, आणि कोणास किती पैसा मिळाला हेंहि वर्तमानपत्रांतून सर्वांस कळतें. श्रम व मोबदला ह्यांतील अंतर इतकें उघडें दुसरीकडे क्वचितच पाहावयास मिळेल.

कॅलिफोर्नियांत अनाहाइम येथें खेळणाऱ्या एंजल्स नांवाच्या क्लबाचें सन २०१२ मधील उदाहरण घ्या. आल्बर्ट पुहोल्स हा बत्तीस वर्षांचा ख्यातनाम खेळाडू दहा वर्षांच्या २४ कोटि डॉलरांच्या करारानें त्या क्लबांत नुकताच आला होता, व त्या वर्षाचें त्याचें वेतन १ कोटि २० लक्ष डॉलर होतें. त्याच क्लबांत माइक ट्राउट नांवाचा वीस वर्षांचा मुलगा होता. त्याचें वेतन पांच लक्ष डॉलरांहूनहि कमी. हंगाम संपला तेव्हां दोघांच्याहि नांवावर प्रत्येकीं ३० होमरन होते. ट्राउटनें त्याखेरीज ४९ वेळां चोरधांव घेऊन आपल्या लीगमधील सर्वांस मागें टाकिलें होतें, आणि त्या वर्षाचा उत्कृष्ट नवा खेळाडू म्हणून त्याची एकमतानें निवड झाली. तरीहि पहिल्याचें वेतन दुसऱ्याच्या सुमारें पंचवीसपट! पुढील वर्षीं क्लबानें ट्राउटला ५,१०,००० डॉलर दिले. नियमानें ठरलेल्या किमान वेतनापेक्षां हे अवघे २० हजार अधिक होते. ह्यांत क्लबानें कोणताहि नियम मोडिला नव्हता. नियमच तसा होता, आणि आजहि त्याचा सांगाडा तोच आहे.

तो नियम थोडक्यांत असा. मेजर लीगमध्यें आलेल्या खेळाडूस पहिलीं सुमारें तीन वर्षें क्लब जें देईल तें घ्यावें लागतें. किमान वेतनाहून तें कमी असतां कामा नये, एवढीच मर्यादा. पुढील तीन वर्षें वेतनाविषयीं मतभेद झाल्यास लवादाकडे जातां येतें. सहा वर्षें पुरीं झालीं म्हणजे तो 'फ्री एजंट', अर्थात् मोकळा खेळाडू होतो, व वाटेल त्या क्लबाशीं वाटेल तो सौदा करूं शकतो. तोंपर्यंत त्याचें कसब किती वाढलें तरी तें विकण्यास बाजार एकच. बहुतेक खेळाडू मेजर लीगमध्यें येतात तेविसाव्या-चोविसाव्या वर्षीं. म्हणजे ते मोकळे होतात तिशीच्या उंबरठ्यावर. शरीराचा भर मात्र साधारणतः सत्ताविशीच्या आसपास असतो. ज्या वर्षांत काम सर्वांत चांगलें तींच वर्षें बंधनाचीं, आणि सर्वांत मोठें वेतन सुरू होतें तें ओहोटीच्या वेळीं, असा हा प्रकार आहे.

पूर्वीची स्थिति ह्याहून वाईट होती, हें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. सन १८७९ मध्यें क्लबमालकांनीं आपसांत ठरवून प्रत्येकीं पांच खेळाडू राखून ठेविले. पुढें तें राखणें सर्वांनाच लागू झालें, आणि जवळजवळ शंभर वर्षें खेळाडू हा जन्मभर एका क्लबाचा बांधील राहिला. सन १९६९ मध्यें कर्ट फ्लड ह्या कृष्णवर्णी खेळाडूस सेंट लुईच्या क्लबानें त्याचें मत न विचारतां फिलाडेल्फियास देऊन टाकिलें. त्याचें वेतन वर्षाला ९० हजार डॉलर, म्हणजे त्या काळीं मोठेंच होतें. परंतु आपण विकण्या-विकत घेण्याची वस्तु नाहीं, ह्या एका मुद्यावर तो कोर्टांत गेला. सन १९७२ मध्यें सर्वोच्च न्यायालयांत पांच विरुद्ध तीन मतांनीं तो हरला, आणि त्याचें खेळाडू म्हणून आयुष्य तर त्यापूर्वींच संपलें होतें. तीन वर्षांनीं, १९७५ च्या डिसेंबरांत, पीटर साइट्झ ह्या लवादानें मेसरस्मिथ व मॅक्नॅली ह्या दोन खेळाडूंच्या बाजूनें निकाल दिला आणि बेडी तुटली. सन १९७६ च्या करारांत सहा वर्षांचा नियम आला.

ह्या करारासंबंधीं एक गोष्ट फार अर्थपूर्ण आहे. ओकलंड क्लबाचा मालक चार्ली फिनली ह्यानें सुचविलें होतें कीं, सर्वच खेळाडूंना दरवर्षीं मोकळें करून टाका. इतर मालकांनीं ती सूचना हंसण्यावारी नेली. परंतु खेळाडूंच्या युनियनचा चतुर पुढारी मार्व्हिन मिलर ह्यास तिचीच धास्ती वाटत होती. सर्वच एकदम बाजारांत आले तर भाव पडेल. दरवर्षीं थोडे आले तर भाव चढेल, असा त्याचा हिशेब होता, आणि तो अचूक ठरला. मोकळ्या खेळाडूच्या कोटीच्या वेतनाखालीं बांधलेल्या तरुणांची रांग उभी आहे. ती रांग जितकी लांब तितका वरच्याचा भाव अधिक. एकाचें स्वातंत्र्य दुसऱ्याच्या बंधनामुळें महाग झालें आहे.

आतां ह्या पद्धतीच्या बाजूनें काय सांगतां येतें तें पाहूं. क्लब अनेक मुलांना वर्षानुवर्षें शिकवितात, त्यांतून थोडेच वर येतात. तेव्हां जो वर आला त्याच्याकडून कांहीं वर्षें खर्च भरून काढणें रास्त आहे, असें मालक म्हणतात. दुसरें असें कीं, तरुण कायम तरुण राहत नाहीं. पुहोल्सच पाहा. सन २००१ मध्यें सेंट लुई येथें पहिल्या वर्षीं त्यानें ३७ होमरन मारले, तेव्हां त्याचें वेतन किमान वेतनाएवढें, म्हणजे २ लक्ष डॉलर होतें. आयुष्याचा एकूण जमाखर्च केला तर त्याचें येणें फिटलें. अविभक्त कुटुंबांत नाहीं का, आज सून राबते, उद्यां तीच घरधनीण होते?

हा युक्तिवाद वजनदार आहे, आणि आम्ही तो धुडकावून लावीत नाहीं. मागाहून देण्याचें वेतन म्हणजे एक प्रकारचें ऋण, असें आम्ही समजतों. आणि ऋण काढण्यांत स्वतः पाप नाहीं. परंतु ऋणाचा पहिला धर्म असा कीं, ज्याचें घेतलें त्यालाच तें परत मिळालें पाहिजे. मेजर लीगमध्यें पाऊल ठेवणाऱ्यांपैकीं बहुतेकांचीं सहा वर्षें पुरींच होत नाहींत. चेंडू फेंकणाऱ्याचें कोपर किंवा खांदा एका दुपारीं निकामी होतो, आणि त्यानें दोन वर्षें दिलेलें काम जमेस राहून जातें. त्याचें येणें पुहोल्सला मिळालें, असें म्हणणें म्हणजे शेजाऱ्याला पैसे देऊन सावकाराची पावती मागण्यासारखें आहे. शिवाय पुहोल्सचें मोठें वेतन तरी कोणी दिलें? पराक्रम बहुतांशीं सेंट लुईस झाला, आणि त्याची किंमत भरली अनाहाइमनें. कराराच्या शेवटच्या वर्षीं, २०२१ च्या मे महिन्यांत, तिनें त्याला कामावरून मोकळें केलें. येथें देणारा एक, घेणारा दुसरा, आणि मुदत तिसऱ्याच्या हातीं.

मुदत दुसऱ्याच्या हातीं असली म्हणजे काय होतें, हें क्रिस ब्रायंटच्या गोष्टीवरून दिसतें. बेसबॉलच्या पंचांगांत १७२ दिवसांचें एक वर्ष धरितात. सन २०१५ मध्यें शिकागोच्या कब्ज क्लबानें ह्या तरुणास हंगामाच्या आरंभीं खालच्या साखळींत ठेवून थोड्या दिवसांनीं वर आणिलें. त्याचे भरले १७१ दिवस! एका दिवसानें त्याची सुटका एक वर्ष लांबली. त्याचें क्षेत्ररक्षण अद्याप कच्चें आहे, असें कारण क्लबानें दिलें होतें. त्याच वर्षीं उत्कृष्ट नव्या खेळाडूचा मान त्याला मिळाला. त्यानें दाद मागितली, व २०२० मध्यें निकाल क्लबाच्या बाजूनें लागला. कायद्यानें तो योग्य असेल. परंतु ज्याच्या हातीं कॅलेंडर आहे त्यानेंच ऋणकोहि असावें, ही व्यवस्था कोणत्या नीतिशास्त्रांत बसते?

आणि अलीकडे तर वायद्याचें दुसरें टोंकहि ढिलें झालें आहे. आंकड्यांचा अभ्यास करणारे जाणते लोक क्लबांनीं पदरीं बाळगले, आणि तिशीनंतरच्या खेळाडूस मोठें वेतन देणें म्हणजे गेलेल्या पावसाचे पैसे भरणें, हें त्यांच्या ध्यानांत आलें. सन २०१७-१८ च्या हिंवाळ्यांत इतके मोकळे खेळाडू कामाविना राहिले कीं, युनियनला त्यांच्याकरितां फ्लॉरिडांत सरावाची निराळी छावणी उघडावी लागली. क्लबांचें म्हणणें बुद्धीला पटणारें आहे. मनुष्यास गत कामाचें वेतन कां द्यावें? परंतु तरुणपणीं "पुढें देऊं" म्हणावयाचें आणि पुढें आल्यावर "तें मागचें झालें" म्हणावयाचें, हीं दोन्ही वाक्यें एकाच तोंडीं शोभत नाहींत.

दोष सारा मालकांचा, असें म्हणून मात्र आम्हांस हात धुतां येत नाहींत. सौद्याच्या टेबलाशीं बहुतेक जुनेच खेळाडू बसत आले, आणि जे अजून आलेच नाहींत त्यांच्या वतीनें त्यांनीं सह्या केल्या. खालच्या साखळ्यांतील हजारों मुलांना तर २०२२ पर्यंत त्या युनियनमध्यें जागाच नव्हती. २०१८ मध्यें अमेरिकेच्या काँग्रेसनें कायदा करून त्यांच्यापैकीं बहुतेकांस किमान मजुरीच्या संरक्षणांतून वगळिलें होतें. त्यांचा पहिला सामुदायिक करार २०२३ मध्यें झाला. त्यानें अगदीं वरच्या उपसाखळींतील किमान वेतन १७,५०० वरून ३५,८०० डॉलरांवर नेलें. मेजर लीगमध्येंहि तीन महिन्यांहून अधिक चाललेल्या टाळेबंदीनंतर २०२२ च्या मार्चांत झालेल्या करारानें किमान वेतन ५,७०,५०० वरून ७ लक्षांवर आलें, पहिल्या वर्षांतील गुणी तरुणांकरितां दरसाल ५ कोटि डॉलरांचा निधि निघाला, आणि उत्कृष्ट नव्या खेळाडूच्या निवडींत पहिला किंवा दुसरा येणाऱ्यास पूर्ण वर्षाचें श्रेय मिळूं लागलें. हीं पाउलें लहान आहेत, पण दिशा बरोबर आहे. कारण तीं काम व मोबदला ह्यांतील अंतर कमी करितात.

आम्हांस ह्या साऱ्या कथेंत फ्लडची आठवण पुनः पुनः होते. त्याच्या लढ्याचें फळ त्याला मिळालें नाहीं. तें मागून येणाऱ्यांस मिळालें. जुन्या पिढीनें नव्यासाठीं सोसणें ह्यास आपण त्याग म्हणतों, कारण तें स्वतःच्या इच्छेनें केलेलें असतें. नव्यानें जुन्यासाठीं सोसावें, असें जेव्हां जुनेच ठरवितात, तेव्हां त्याला तेंच नांव देतां येणार नाहीं. आपल्या कचेरींत, शाळेंत किंवा घरांत नव्या माणसास "उद्यां तुझी पाळी येईल" असें सांगण्यापूर्वीं आपण एवढें स्वतःस विचारावें: ती पाळी आणून देणें आपल्या हातीं आहे काय, आणि ती येईपर्यंत तो येथें असेल काय? ह्यांपैकीं एकाचेंहि उत्तर छातीवर हात ठेवून देतां येत नसेल, तर त्याच्या आजच्या कामाचे पैसे आज देणें हाच सरळ मार्ग होय.