उतराई कसे व्हावे?



रत्नागिरीच्या एखाद्या मोठ्या रुग्णालयात अतिदक्षता विभागाच्या दाराशी आपण कधी तरी बसला असाल. लांज्याहून, राजापुराहून, गुहागरकडून पहाटेच्या एसटीने आलेली माणसे तिथे ताटकळत असतात. आत कुणाची आई असते, कुणाचा कर्ता मुलगा असतो. आपल्याला आत सोडतात ते घटकाभर. बाकी दिवसरात्र आपल्या माणसाजवळ असते ती सिस्टर.

ती काय करते, ते एकदा नीट पाहावे. शुद्ध हरपलेल्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाही तर पाठीला जखमा होतात. घशातल्या नळीतला कफ ओढून काढावा लागतो. तोंड पुसायचे, डोळे कोरडे पडू द्यायचे नाहीत, लघवी किती झाली ते मोजून लिहायचे. मन लावून काम करणारी सिस्टर आणखी एक गोष्ट करते. अंगाला हात लावण्याआधी हाक मारते, “आजी, या कुशीवर वळवते हं.” आजीकडून उत्तर येणार नाही, हे तिला ठाऊक असते.

मग आजी बरी होऊन घरी निघते. घरचे पेढे देतात, पाया पडू लागतात, म्हणतात, “सिस्टर, तुमच्या रूपाने देवच भेटला.” भावना खरी असते. तेवढ्याने आपण उतराई होतो का? कुणी म्हणेल, “तिला पगार मिळतो, ऋण कसले?” पगार मिळतो आणि तो चांगला मिळालाच पाहिजे. परंतु पगार कामाच्या तासांचा असतो. उत्तर न देणाऱ्या माणसाला मारलेली हाक त्या हिशेबात कुठेच नसते.

या हाकेचे मोल मुंबईच्या केईएम रुग्णालयाने दाखवले. आपल्याच किनाऱ्यावर, खाली कारवारच्या मुलखात हळदीपूर आहे. तिथली अरुणा शानबाग केईएममध्ये परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका कामगाराने तिच्यावर अत्याचार केला. गळा आवळल्याने मेंदूला इजा झाली आणि ती पुन्हा उठली नाही. १८ मे २०१५ रोजी तिने देह ठेवला. मधली एक्केचाळीस वर्षे केईएमच्या परिचारिकांनी तिला भरवले, न्हाऊ घातले, कुशीवर वळवले. इतक्या वर्षांत तिच्या अंगाला अंथरुणाची एकही जखम झाली नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालात आहे. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकारही न्यायालयाने केईएमच्याच लोकांचा मानला. १९७३ साली जन्मही झाला नव्हता अशा मुली पुढे तिची सेवा करीत होत्या. तिने कधी कुणाचे आभार मानले नाहीत. ते तिला शक्यच नव्हते. सेवा मात्र थांबली नाही.

आता आपल्या पुंडलिकाकडे पाहा. देव दारात आला, तेव्हा तो आईबापांची सेवा करीत होता. त्याने वीट पुढे टाकली आणि हातातले काम चालू ठेवले. देव रागावला नाही, त्या विटेवर उभा राहिला. आपण या कथेतून पुंडलिकाची सेवा घेतो. देवाचे थांबणेही घ्यावे. सेवा चालू असताना बाजूला उभे राहणे, हाही सेवेचा मान आहे. रुग्णालयात आपली जागा त्या विटेवर आहे. भेटीची वेळ पाळावी, सिस्टरला दहादा हटकू नये, आपल्या आधी शेजारच्या खाटेकडे धावली तर धुसफुसू नये.

आणि तिला देव म्हणताना जपावे. देवाला झोप लागत नाही, पाय दुखत नाहीत. तिचे दुखतात. शिवाय देव म्हटले की आपण चमत्काराची अपेक्षा धरतो. माणूस वाचला तर पायावर डोके, दगावला तर अंगावर धावून जाणे. दवाखान्यातल्या माणसांवरील हल्ले रोखण्यासाठी आपल्या राज्याला २०१० साली कायदा करावा लागला. माउली, एकमेकांच्या पाया पडणाऱ्या आपल्या संप्रदायाला हे शोभते का? आपला माणूस गेला, तरी शेवटच्या रात्री त्याची कूस जिने बदलली तिचे ऋण गेलेले नसते. ते ज्याला दिसले, त्याला कृतज्ञता कळली.

हे ऋण तिला परत करता येत नाही. आपण पेढे घेऊन जातो, तेव्हा तिच्या त्या खाटेवर दुसरा रुग्ण असतो. पण आपल्या वाडीत कुणी म्हातारा अर्धांगाने पडून असेल, मुले मुंबईला असतील, सुनेचे हात एकटे पडत असतील. कार्तिकीहून परतल्यावर बुक्का आणि प्रसाद घेऊन त्या घरी जावे. प्रसाद ठेवून लगेच उठू नये. “बाबा, कुशीवर वळवतो हं,” अशी हाक मारून हात लावावा. बाबांकडून उत्तर आले नाही, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे.

राम कृष्ण हरी.