शास्त्र कोणीं वाचावें?

धर्मग्रंथ प्रमाण मानला म्हणजे वाद मिटला, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः वाद तेथेंच सुरू होतो. कारण ग्रंथाचा अर्थ कोणीं तरी लावावा लागतो. युरोपांत या प्रश्नानें ख्रिस्ती समाज दुभंगला. १५२१ सालीं वर्म्स येथील सभेंत लूथरनें शास्त्रवचन व सद्सद्विवेक यांवर पोपचा अधिकार चालूं देण्याचें नाकारलें. १५४६ सालीं ट्रेंटच्या धर्मसभेनें शास्त्र व परंपरा या दोहोंस सारखाच मान देऊन अर्थनिर्णयाचा अधिकार चर्चकडे ठेविला.

हा वाद परक्यांचा म्हणून दूर सारतां येत नाहीं. आपल्याच एका विदुषीनें तो भोगला आहे. पंडिता रमाबाईंनीं १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें बाप्तिस्मा घेतला. पुढें तेथील मठांतील, त्यांना मायेनें वागविणाऱ्या, सिस्टर जेराल्डीन यांच्याशींच त्यांचा पत्रांतून वाद जुंपला. त्रैक्याचा सिद्धांत शास्त्राच्या आधारें पटवून द्या, असें रमाबाईंचें मागणें. चर्चची शिकवण आधीं नम्रपणें स्वीकारावी, असा सिस्टरांचा आग्रह. एका पुरोहितवर्गाचें जूं महत्प्रयासानें झुगारल्यावर तसलेंच दुसरें मानेवर घेण्यास आपण तयार नाहीं, असें रमाबाईंनीं १८८५ सालीं स्पष्ट कळविलें.

सिस्टरांची बाजू पोकळ नव्हती. नव्या करारांत कोणते ग्रंथ असावे, हें पहिल्या कांहीं शतकांतील ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्यवहारानेंच ठरत गेलें. अर्थात् शास्त्र हातीं आलें तेंच परंपरेकडून. शिवाय शास्त्रच प्रमाण मानणारे लूथर व त्स्विंग्ली हे १५२९ सालीं मारबुर्ग येथें एकत्र बसले, तरी प्रभुभोजनाच्या वचनावर त्यांचें एकमत झालें नाहीं.

तथापि आमचा कल रमाबाईंकडेच आहे. जिला ‘कां?’ म्हणून विचारतां येत नाहीं, ती परंपरा शिकवीत नाहीं, हुकूम सोडते. आणि भीतीनें दिलेला होकार ही श्रद्धा नव्हे. मात्र स्वतः वाचण्याचा हक्क मागणाऱ्यानें वाचनाचे कष्टही पत्करले पाहिजेत. रमाबाईंनीं ते पत्करले. उतारवयांत हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून त्यांनीं बायबलाचें मराठी भाषांतर केलें. १९२२ सालीं देहावसान होईपर्यंत त्या कामास वाहून घेतलें. या भाषा कोणी एकट्यानें शोधून काढीत नाहीं. पूर्वसूरींपाशींच शिकाव्या लागतात. म्हणजे परंपरेची आज्ञा त्यांनीं नाकारली, शिकवणी नाकारली नाहीं. आपल्या घरांत शास्त्राचा आधार सांगणाऱ्या व तो मोडूं पाहणाऱ्या, दोघांनींही हा भेद ध्यानीं घ्यावा, असें आम्हांस वाटतें.