युक्समला निघालेल्या मुक्तास

चि. मुक्ता हिस,


तू एप्रिलअखेर सिक्कीमला जाऊन युक्समहून जोंगरीपर्यंत चालणार, हे ऐकून फार बरं वाटलं. तू वाटेत कचरा टाकशील किंवा कुणाला उणं बोलशील, अशी काळजी मला नाहीच. काळजी आहे ती तुझ्या घाईची, कारण जेवतानासुद्धा तुझा एक पाय दारात असतो!

युक्समला पोचलीस की एक दिवस तिथेच राहा. 1642 मध्ये तीन लामांनी मिळून सिक्कीमच्या पहिल्या राजाला, म्हणजे चोग्यालला, तिथे अभिषेक केला. नोरबुगांगला त्या अभिषेकाचं दगडी आसन अजून आहे, तिथे निवांत बस, आणि मग झाडीतून चढून जुन्या दुबदी गोम्पात जाऊन ये.

तुझी पुढची वाट जाते ते कांचनगंगा राष्ट्रीय उद्यान 1977 सालचं. 2016 मध्ये युनेस्कोने त्याला निसर्ग आणि संस्कृती अशा दोन्ही वारशांसाठी यादीत घेतलं. असा मान मिळालेली भारतातली ही पहिलीच जागा. कांचनगंगा शिखर हे तिथल्या लोकांचं राखणदार दैवत, आपल्याकडे देवराईत कुऱ्हाड चालत नाही तशातलीच ही श्रद्धा. 1955 मध्ये ब्राउन आणि बँड हे गिर्यारोहक पहिल्यांदा वर पोचले ते शिखरमाथ्याच्या थोडं अलीकडेच थांबले, कारण माथ्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द त्यांनी चोग्यालला दिला होता. एवढं चढून गेल्यावर थांबणं काय सोपं असतं, बाळा?

वाटेतलं त्सोका साधारण 3,000 मीटरवर आणि जोंगरी 4,000 मीटरच्या आसपास, म्हणून हातात एक दिवस जादा ठेव. डोकं दुखलं, मळमळलं तर लपवू नकोस, वाटाड्याला लगेच सांग आणि तो म्हणाला तर मुकाट्याने खाली उतर. जोंगरीला पहाटे अंधारातच ऊठ (शाळेत असताना आजोबांच्या आधी उठायचीस, आठवतं?), कारण कांचनगंगेवर पहिलं ऊन पडतं ते बघायचं तर टेकाडावर आधीच पोचावं लागतं, आणि उन्हं वर आली की बहुधा ढग भरून येतात. वाटेत ऱ्होडोडेंड्रॉन फुललेला असेल. नुसता फोटो काढून पुढे पळू नकोस, एखाद्या फुलाच्या आत डोकावून बघ, पाकळीवर बारीक ठिपके दिसतील.

सामान बेताचं घे. ते ‘जो’ नावाच्या जनावराच्या, म्हणजे याक आणि गाईच्या संकराच्या, पाठीवरून जातं, आणि तुझ्या चौथ्या स्वेटरचा भार त्याने का वाहावा? उद्यानात लाकूड जाळायला बंदी आहे, तिथे गरम पाणी होतं ते खालून वाहून नेलेल्या इंधनावर, तेव्हा ते प्यायला माग, आंघोळीला नको.

आणि एवढं करून ढग हटलेच नाहीत, तर हिरमुसू नकोस. परत आल्यावर थोडेथोडे पैसे बाजूला टाकायला लाग, पुन्हा जा; निम्मे मी देईन.

तुझी,
आजी