लक्ष्मी कोठे नांदते?

लक्ष्मी चंचल आहे, असे आपले पूर्वज म्हणत आले. ती एका घरचा उंबरठा ओलांडून दुसऱ्या घरी का जाते, या प्रश्नाचा निकाल मात्र त्यांनी बहुधा दैवावर सोपविला. आजच्या काळी हा प्रश्न दैवाकडून काढून राज्यांच्या उद्योगखात्यांकडे देण्यात आला आहे. कोणत्या राज्यात उद्योग काढणे सुलभ, याच्या याद्या सिद्ध होतात, परीक्षेतल्याप्रमाणे क्रमांक लागतात, आणि एखादा मोठा कारखाना शेजारच्या राज्यात गेला म्हणजे घरावर दरोडा पडल्यासारखा कल्लोळ होतो. सप्टेंबर २०२२ मध्ये तळेगावाजवळ होऊ घातलेला सेमीकंडक्टरचा प्रचंड कारखाना गुजरातेत जाणार असे जाहीर झाले, तेव्हा हा कल्लोळ आपण सर्वांनी ऐकला. त्यात आपला सूरही मिसळला. पुढे जुलै २०२३ मध्ये त्या भागीदारीतील परदेशी कंपनीनेच अंग काढून घेतले. ज्या वधूसाठी दोन घरे हमरीतुमरीवर आली, ती ठरल्या घरीही नांदावयास गेली नाही!

गेल्या पावसाळ्यात एका माजी विद्यार्थ्याबरोबर मुळशीच्या जलाशयावर जाण्याचा योग आला. तो आता एका कारखान्यासाठी जागा निवडण्याच्या कामावर आहे. निरनिराळ्या राज्यांची तुलना करणारा एक तक्ता त्याने मला दाखविला. रस्ते, वीज, पाणी, कुशल कामगार, करांतील सवलती असे रकाने त्यात होते. शेवटचा रकाना होता, ‘स्थानिक विरोधाचा संभव’. तो म्हणाला, “सर, ज्या राज्यापुढे हा रकाना कोरा, तिकडे आमचा कल. यात काही चुकते आहे का?” समोर पाण्यावर धुके उतरत होते. मला तत्काळ उत्तर देता आले नाही. पुढील विवेचन म्हणजे उशिरा दिलेले ते उत्तर होय.

उद्योग एखाद्या प्रदेशाकडे का ओढले जातात, याची काही कारणे निसर्गाने घातलेली असतात. टाटांची वीजकंपनी मुळशीस आली ती कोणा मंत्र्याच्या भाषणाला भुलून नव्हे. सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस, त्याला कोकणात एकदम खाली सोडता येईल असा सरळ कडा, आणि विजेची वाट पाहत असलेल्या मुंबईच्या गिरण्या, ही तीन आकर्षणे तेथे आयती होती. खोपोली १९१५, भिवपुरी १९२२ व भिरा १९२७ ही वीजगृहांची मालिका त्याच कड्याच्या पायथ्याशी उभी राहिली.

दुसरी काही कारणे धोरणाची असतात, व त्यांत आपली पुण्याई नेहमीच असते असे नाही. १९५० च्या दशकात सुरू झालेल्या भाडेसमीकरणाच्या धोरणाने पोलादासारखा माल देशात सर्वत्र सारख्या भावाने मिळू लागला. खाण बिहारात असली तरी तिच्याजवळ कारखाना काढण्याचे प्रयोजन उरले नाही. तो मुंबई-पुण्याकडे काढणे तितकेच परवडू लागले. हे धोरण १९९० च्या दशकाच्या आरंभी संपले. महाराष्ट्राच्या औद्योगिक कर्तबगारीचा अभिमान बाळगताना, तिच्यात बिहारचाही थोडा वाटा आहे, हे आपण सहसा आठवत नाही.

तिसरे कारण माणसांचे. हिंजवडी ही मुळशी तालुक्यातच आहे. तेथील शेतांच्या जागी संगणक-उद्योगाच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या, याचे श्रेय औद्योगिक विकास महामंडळाच्या भूखंडांना आहे; पण तितकेच ते १८५४ साली पुण्यात निघालेल्या इंजिनियरिंगच्या विद्यालयास व त्याच्या मागून आलेल्या शिक्षणसंस्थांस आहे. सवलत एका रात्रीत जाहीर करता येते. विद्यालय एका रात्रीत उभे राहत नाही.

येथवर नीतीचा प्रश्न फारसा उद्भवत नाही. तो उद्भवतो चौथ्या कारणाशी, म्हणजे सुलभतेशी. सुलभता हा गुण खरा. परंतु ती कोणाची सुलभता, आणि तिची किंमत कोणी मोजावयाची?

मुळा व निळा या नद्यांच्या संगमावर धरण बांधावयाचे ठरले, तेव्हा पन्नासांहून अधिक गावांची भातशेती पाण्याखाली जावयाची होती. १८९४ चा भूसंपादनाचा कायदा हाताशी होता. सरकारने सार्वजनिक हिताचा शिक्का मारला की शेतकऱ्याच्या होकाराची गरज नव्हती. उद्योगाला याहून सुलभ राज्य कोणते? १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी धरणाच्या कामावर बसून सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ हे त्यांचे ब्रीद होते. वि. म. भुस्कुटे व पां. म. बापट हे त्यांचे पुढारी. बापटांना लोक सेनापती म्हणू लागले ते याच लढ्यामुळे. १९२४ पर्यंत लढा चालला आणि मोडला. धरण पुरे झाले.

तो मोडण्याचे एक कारण आम्हा पुणेकरांस बोलून दाखविणे जड जाते. त्या भागातील पुष्कळ जमीन पुण्यातील सावकारांच्या नावावर होती. कसणारे मावळे त्यांची कुळे होती. धनकोंस भरपाई पुरेशी वाटली, त्यांनी ती घेतली, आणि लढ्याची फळी दुभंगली. आमच्या पणजोबांची तेथे थोडी जमीन होती. त्यांनी रक्कम घेतली. तिच्यातून आजोबांचे कॉलेजचे शिक्षण झाले, असे घरात सांगत. पैसे उचलण्यापूर्वी कूळ वाड्यावर येऊन दोन दिवस ओटीवर बसून होते, हेही सांगत. पण ते हलक्या आवाजात. ज्या विद्येच्या बळावर मी आज नीतीवर लिहितो आहे, तिची पहिली फी कोणी भरली, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्या विद्यार्थ्यास उपदेश करावयास जीभ रेटेना.

सुलभतेचे दुसरेही एक चित्र आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातील आपल्या कारखान्याची जागा नगरविस्तारापायी सोडावी लागली, तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ देऊ केला. तो निवडुंगाने भरलेला, सापांचे माहेरघर असा होता. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. इकडे भरल्या शेतीवर कायदा फिरला. तिकडे ओसाड माळ गाव झाला. आणि १९३९ साली त्याच राजाने राज्यकारभाराचे अधिकार प्रजेच्या स्वाधीन केले. औंधासारख्या चिमुकल्या संस्थानाकडे ना बंदर होते, ना मोठी पेठ. होता तो दिलेला शब्द पाळणारा माणूस. राजाची सुबुद्धी हा अर्थात् योगायोग. तिच्यावर राज्यव्यवस्था उभारता येत नाही. परंतु शब्दाची किंमत काय असते, एवढे त्यावरून कळते.

यावर कोणी म्हणेल, “प्रत्येक शेतकऱ्यास नकार देऊ द्याल तर ना धरण होईल ना कारखाना. मावळ्यांच्या नातवंडांनाही नोकऱ्या हव्याच आहेत. विजेच्या दिव्याखाली बसून धरणाला नावे ठेवणे हा ढोंगीपणा होय.” हा आक्षेप मी स्वतःस पुष्कळदा घेतला आहे, व तो पोकळ नाही. परंतु ‘कोणीच नकार देऊ नये’ आणि ‘कोणासच नकार देता येऊ नये’ या दोन वाक्यांत महदंतर आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधितांची संमती आवश्यक ठरविली. त्यामागील तत्त्व हेच, की होकाराला मोल येते ते नकार शक्य असतो म्हणून. हा कायदा होण्यास मुळशीनंतर नव्वद वर्षे लागली, आणि तो होताच काही राज्ये सुलभतेच्या नावाने त्यातील अटी शिथिल करू लागली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

शिवाय यात उद्योजकाचेही हित आहे. बंगालमधील सिंगूर येथे २००६ साली मोटारीच्या कारखान्यासाठी सुमारे हजार एकर जमीन संपादण्यात आली. लोक उठले, ऑक्टोबर २००८ मध्ये कारखाना तेथून निघून गुजरातेत साणंद येथे गेला. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते संपादनच रद्द ठरवून जमीन परत करविली. बंगाल उद्योगद्वेष्टा व गुजरात उद्योगप्रेमी, असा बोध आपण त्यातून घेतला. मला त्यात निराळे दिसते. जे सरकार एका सहीने शेतकऱ्याचे शेत घेते, ते उद्या दुसऱ्या सहीने कारखानदाराची सवलतही काढून घेऊ शकते. शेतकऱ्याचा सातबारा आणि कारखानदाराचा करारनामा हे दोन्ही कागद एकाच विश्वासावर टिकतात. पहिला कागद फाडणाऱ्या हाती दुसरा सुरक्षित राहील, असे मानणारा उद्योजक हिशेबात कच्चा म्हटला पाहिजे.

एतावता माझे उत्तर असे. तक्त्यातील कोरा रकाना दोन अर्थांनी कोरा असू शकतो. एक, तेथील लोकांस विचारण्यात आले व ते राजी झाले. दुसरा, तेथे बोलण्याची सोयच नाही. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. मुळशीच्या पाण्याकडे पाहा: पृष्ठभाग इतका शांत, की खाली गावे आहेत हे सांगावे लागते.

विद्यार्थ्यास मी एवढेच लिहून कळविले: “जेथे विरोध शून्य दिसेल, तेथे जाऊन दोन दिवस कोणाच्या तरी ओटीवर बस, आणि लोक बोलत का नाहीत ते विचार. मग खुशाल सही कर किंवा करू नकोस.” त्याचे उत्तर आले, “सर, दोन दिवस मिळणे कठीण. एक दिवस पाहतो.”