‘नाही’ हे कशावरून?

स्टेटस पेजवरचा लाल चौकोन एक विधान करत असतो: अमुक सर्व्हर आत्ता नाही. मी वाईत राहतो, एका शिक्षणसंस्थेचे दोन-चार सर्व्हर सांभाळतो, आणि या लाल चौकोनांवर माझी झोप ठरते. पण ‘नाही’ हे कळतं तरी कशानं, हा प्रश्न माझ्यापुढे सर्व्हरच्या कितीतरी आधी तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या ग्रंथानं टाकला. तरुणपणी एका शास्त्रीबुवांकडे तो शिकायला जात असे. जमिनीवर घडा नाही, हे उदाहरण ऐकून ऐकून वीट आला होता. हल्ली दिवसभर तेच करतो, फक्त घड्याच्या जागी पोर्ट ४४३ असतं.

वाद असा. डोळ्यांना जमीन दिसते, मग घड्याचा अभाव कशाला दिसतो? नैयायिक म्हणतात, अभाव हा खराच पदार्थ आहे आणि तो प्रत्यक्षानंच कळतो. प्राभाकर मीमांसकांच्या मते अभाव असं निराळं काही नसतं, असते ती नुसती मोकळी जमीन. मीमांसक कुमारिल भट्टांनी न दिसणं हेच ज्ञानाचं स्वतंत्र साधन मानलं, आणि अद्वैत्यांनीही अनुपलब्धी हे सहावं प्रमाण म्हणून स्वीकारलं. बौद्धांचा धर्मकीर्ती तिला अनुमानात बसवतो. एवढं भांडूनही एका अटीपाशी ही मंडळी एकमेकांच्या बरीच जवळ येतात: वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घडा दिसला नाही, यावरून घडा नाही असं ठरत नाही. जे दिसण्याजोगंच नाही त्याच्या न दिसण्यातून फक्त संशय निघतो, असं धर्मकीर्ती स्पष्टच सांगतो.

स्टेटस पेज निवडताना मी हीच अट लावली.

२८ फेब्रुवारी २०१७ ला ॲमेझॉनची एस-थ्री ही साठवणसेवा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर काही तास कोसळली. एका आज्ञेतल्या चुकीमुळे नको तितके सर्व्हर बाजूला काढले गेले होते. अशी चूक कुठेही होते. मला अधिक बोलकं वाटतं ते पुढचं: कंपनीच्या स्वतःच्या स्टेटस डॅशबोर्डवर सेवांची अवस्था बदलता येईना, कारण त्या डॅशबोर्डचा कारभारच एस-थ्रीवर अवलंबून होता. बराच वेळ ट्विटरवरून लोकांना कळवावं लागलं. दिवा विझला तेव्हा पाहणाऱ्याचे डोळेही त्याच वीजजोडणीवर होते.

म्हणून पाहणारा दुसरीकडे हवा, हे पहिलं. पण तेवढ्यानं भागत नाही, कारण दुसरीकडचंही इंटरनेट जातं आणि मग साऱ्या जगातले सर्व्हर एकदम मेल्यासारखे दिसतात. त्यामुळे आमची तपासणी ‘नाही’ म्हणण्याआधी आपले डोळे तपासते: एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन परक्या पत्त्यांना हाक मारते. तेही ओ देत नसतील, तर चौकोन लाल होत नाही, राखाडी होतो. राखाडी म्हणजे संशय.

तयार साधनं मी पाहिली. अपटाइम कुमा देखणं आहे, नोडवर चालतं, आणि त्यात ‘डाउन’च्या आधी ‘पेंडिंग’ अशी मधली अवस्था आहे, याबद्दल मला त्याचा आदर वाटतो. गेटस गो भाषेतलं, एका फाइलीत मावणारं. काय झालं म्हणजे सेवा ठीक मानायची, हे त्यात अटी लिहून सांगता येतं. कॅशेला डेटाबेस लागतो, आणि डेटाबेस पडला आहे हे सांगायला आणखी एक डेटाबेस सांभाळायचा, हे काही मला पटेना. हलकेपणाचं कौतुक मेमरी वाचते म्हणून नाही. पाहणारा आणि पाहिलेलं यांच्यामध्ये जितके थर, तितक्या ‘असतं तर दिसलं असतं’ या वाक्यात फटी. शेवटी क्रॉन, कर्ल आणि एक छोटी शेल स्क्रिप्ट एवढ्यावर काम उरकलं. ती एका स्वस्त व्हीपीएसवर बसते आणि साधं एचटीएमएल पान लिहिते.

अशा पानाचा एक दोष मात्र भयंकर आहे. क्रॉनच मेला, तर शेवटचं हिरवं पान हिरवंच राहतं. म्हणून पानावर तपासणीची वेळ असते, आणि ती जुनी झाली की वाचणाऱ्याचा ब्राउझरच सगळे चौकोन राखाडी करतो.

आणि हिरवं तरी कशावरून? पिंगला उत्तर आलं म्हणून? यंत्र जागं असतं आणि संकेतस्थळ ‘डेटाबेसशी संपर्क नाही’ हे वाक्य २०० या यशाच्या क्रमांकासह वाढत असतं. आमची स्क्रिप्ट ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये ‘मीमांसाकोश’ शोधते आणि सातही खंड आले का ते पाहते. केवलानंद सरस्वतींचं हे काम वाईतलंच. ते अशा कामी येतंय याचं त्यांना काय वाटलं असतं, कोण जाणे.

आता, पाहणाऱ्याला कोण पाहणार? ज्ञानाचं खरेपण बाहेरून ठरतं, असं न्यायमत. मग तपासणीची तपासणी, तिचीही तपासणी, अशी अनवस्था उभी राहते असा मीमांसकांचा आक्षेप. कुमारिलांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असतं, बाध येईपर्यंत; शंका आलीच तर तीन-चार ज्ञानांपलीकडे जाण्याची गरज नाही. गेटसमध्ये अलर्ट पाठवण्याआधी मुळात सलग तीन अपयशं धरलेली असतात. हा योगायोगच असेल, पण कुठेतरी थांबायलाच हवं, हे दोघांनाही कळलं होतं.

थांबणं हा निर्णय असतो, ज्ञान नव्हे. १९८५ साली फिशर, लिंच आणि पॅटर्सन यांनी एक निष्कर्ष सिद्ध केला. निरोप पोचायला किती वेळ लागेल याची हमीच नसलेल्या जाळ्यात एखादंही यंत्र बंद पडण्याची शक्यता असली, तर उरलेल्यांचं एकमत होईलच अशी पद्धत रचता येत नाही. मुळाशी अडचण हीच की मंद आणि मृत यांत फरक करता येत नाही. पुढे १९९६ मध्ये चंद्रा आणि टूएग यांनी अशा जाळ्यासाठी अपयश ओळखणारी यंत्रणा मांडली, तेव्हा तिचं उत्तर म्हणजे मृतांची नव्हे, संशयितांची यादी ठेवली. आमचा दहा सेकंदांचा टाइमआउट त्याच जातीचा. अकराव्या सेकंदाला उत्तर येणारच नव्हतं, असं कुणी म्हणू नये.

आमच्या विश्वस्तांना हे सगळं नको असतं. त्यांना टक्के हवेत. ‘९९.९ लिहा की,’ असं एक जण म्हणाले. तीस दिवसांच्या महिन्यात ९९.९ म्हणजे त्रेचाळीस मिनिटांची सूट, आणि आम्ही दर पाच मिनिटांनी पाहतो. मधल्या चार मिनिटांत पडून उठलेला सर्व्हर आम्हाला दिसतच नाही. त्यातून राखाडी मिनिटं चालू धरायची की बंद, यावर बैठकीत चहा गार झाला. चालू धरा, असं विश्वस्तांचं म्हणणं. बंद धरा, असं ग्रंथपालबाईंचं, कारण विद्यार्थ्यांच्या शिव्या त्यांनाच खाव्या लागतात. आम्ही ती दोन्हीकडून वगळली आणि टक्क्यांच्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात वेगळी छापली. गेल्या महिन्यात ती बंद मिनिटांपेक्षा जास्त भरली, आणि विश्वस्तांनी अक्षर लहान करायला सांगितलंय. मी अजून केलेलं नाही.